सेक्रेटरीची सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात गटसचिव आहे. तीन गावांच्या सेवा सहकारी सोसायट्यांचं दप्तर माझ्याकडे असतं. शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सातबारा, आठ-अ असे जमिनीचे उतारे गोळा करून पीककर्जाची प्रकरणं बँकेत पोचवायची, आणि मार्च लागला की त्याच शेतकऱ्यांच्या दारात वसुलीला उभं राहायचं, असं हे काम. गावात आम्हाला सेक्रेटरी म्हणतात.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी चारचाकी घेतली. ती अजून आहे, चांगली चालते. पण वर्षभरातच रोजच्या कामासाठी मी घरातली जुनी काळी सायकल बाहेर काढली, आणि गेली तीन वर्षं तीच वापरतो आहे.

पहिल्या आठवड्यात गावानं निकाल लावून टाकला. पारावर एकानं विचारलं, "काहो सेक्रेटरी, गाडी इकली काय जी?" म्हटलं, नाही, अंगणात उभी आहे. "मंग बिघडली असन." तेही नाही. त्यावर एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "साखर निंगाली असन. डॉक्टरनं सांगतलं असन." यातलं काहीच नसताना माणूस सायकलवर बसतो, हे कोणाच्या मनात येईना. शेवटी सेक्रेटरी स्वतःच थकबाकीत गेला अशी बातमी पसरली. खऱ्या थकबाकीदारांनी त्या दिवसांत मला फार प्रेमानं चहा पाजला.

घरी बायको म्हणाली, "लोक काय म्हणतीन?" तिच्यासमोर मी हिशेब मांडला. बँकेची शाखा ७ किलोमीटरवर. जाऊन-येऊन १४, आठवड्यातून चारदा. महिन्याचे सव्वादोनशे किलोमीटर होतात. आमच्या रस्त्यांवर माझी गाडी लिटरला १४ च्या वर जात नाही, म्हणजे १६ लिटर. पेट्रोल शंभराच्या वर गेलंय. सोळाशे रुपये नुसते सह्या आणि शिक्के आणायला! ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा कॅरिअरला बांधून ठेवलेला होता.

पण श्रोतेहो, खरं सांगायचं तर पैशासाठी मी सायकल धरून राहिलो नाही. कारण वेगळं आहे, आणि ते मला गाडीनंच शिकवलं.

आमच्या भागात चारचाकी गावात शिरते ती एक तर मतं मागायला, नाही तर पैसे मागायला. पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, गाडी यायला लागली की धुरळा अर्धा मैल आधी दिसतो. मी गाडीनं वसुलीला जायचो तेव्हा घरोघरी एकच उत्तर मिळायचं, "ते वावरात गेले." वावरात जावं तर तिथून घरी गेलेले. एकदा तर कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत बसलेल्या माणसाची टोपी मला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं, त्यानंही मी आलोच नाही असं मानलं.

सायकलचा धुरळा दिसत नाही. हे मी गमतीनं म्हणत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सायकलवरचा माणूस हाक मारली की थांबतो. काच खाली करायला लागत नाही, की मागून कोणी हॉर्न वाजवत नाही. एक पाय जमिनीवर टेकला, झालं. त्या सात किलोमीटरमध्ये मला पाच-सहा जण तरी थांबवतात. एकाचा जमिनीच्या नोंदीचा फेरफार अडलेला असतो, एकाला वडील वारल्यावर खात्याचं काय करायचं ते समजत नसतं. आणि ज्याची टोपी दिसत होती तो स्वतःहून धुऱ्यावर येऊन विचारतो, "३१ मार्चच्या आत भरले तर याज नाही लागत म्हंते, खरं हाय काय?" खरं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजाचा भार केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून उचलतात. हे मी सोसायटीच्या फळ्यावर तीन वर्षं लिहीत होतो. फळा कोणी वाचला नाही. रस्त्यात पाय टेकून सांगितलं ते ऐकलं.

म्हणून कोणी म्हणालं की सायकलीनं वेळ जातो, तर मी म्हणतो, बँकेत पोचायला अर्धा तास लागतो हे खरं, पण त्या अर्ध्या तासात माझं निम्मं ऑफिस उरकलेलं असतं.

आता सायकलीचे भोग. पहिला भोग सराटे. पावसाळा सरला की पायवाटेवर हे काटे पसरतात आणि टायरला असे चिकटतात, की एका चाकात चार पंक्चर. मी पंप, सोलूशन आणि ट्यूबचे तुकडे पिशवीत ठेवतो. दुसरा भोग काळी माती. पहिला पाऊस झाला की ती मडगार्ड आणि टायरच्या मधे ठासून बसते, चाक फिरत नाही. तुरीची काडी घेऊन खरडत बसावं लागतं. एका जुलैत असाच पडलो आणि एका शेतकऱ्याचा आठ-अ चिखलात गेला. तलाठ्याकडे पुन्हा जावं लागलं, दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून कागदं खताच्या पोत्यातल्या पन्नीत घालून नेतो. गाडीचंही त्या मातीपुढे काही चालत नाही म्हणा. माझी चारचाकी त्याच पांदणीत फसली तेव्हा बैलजोडी लावून काढली, आणि बघायला माझे सगळे थकबाकीदार हजर होते.

उन्हाळ्यात मात्र शहाणपण लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. मी सकाळी लवकर निघतो, डोक्याला दुपट्टा बांधतो, दुपारी कुठंतरी लिंबाखाली बसून रजिस्टरं लिहितो आणि ऊन उतरल्यावर परततो. दुपारी बाराला पायडल मारण्यात काही शौर्य नाही. आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असलं की गाडीच काढतो. जिल्ह्याला मीटिंग असली की एसटी. रोख रक्कम जास्त असली तर सायकलवर कधीच नेत नाही.

साडेदहाच्या सुमाराला रस्त्यावर शाळेच्या मुली भेटतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली, पुढच्या टोपलीत दप्तर. "काका, बाजूला!" म्हणत घंटी वाजवतात आणि मला मागे टाकून जातात. त्यांना कोणी विचारत नाही, घरची गाडी विकली का म्हणून.

आज आकाशवाणीवर यायला नागपूरला बसनं आलो. सायकल आर्वीच्या स्टँडजवळ पानठेल्यापाशी कुलूप लावून उभी आहे. आता तिच्यावर ऊन आलं असेल. गच्च भरलेली ट्यूब उन्हात फुटते, म्हणून सकाळी हवा जराशी कमीच भरली आहे. नमस्कार.