खोलीत शिकलेलं खोलीबाहेर नेताना

नमस्कार. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांचे पालक पहिल्या भेटीत मला हमखास एक प्रश्न विचारतात. ‘लक्ष वाढवणारे कॉम्प्युटरचे खेळ मिळतात, ते रोज अर्धा तास दिले तर उपयोग होईल का?’ मुलगा किंवा मुलगी तोवर सतरा-अठराची झालेली असते. लहानपणीची स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी मागे पडलेली असते, शाळा संपत आलेली असते आणि पुढे काय, हे कुणालाच सांगता येत नसतं. त्या प्रश्नामागची काळजी मला कळते. म्हणून त्याचं उत्तर आज सवडीने द्यायचं आहे.

आधी शब्दाबद्दल. कॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे बोधनिक प्रशिक्षण. लक्ष टिकवणं, ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, कामाचा क्रम ठरवणं, ठरलेलं अचानक बदललं तर सावरणं, समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेणं, या साऱ्या मनाच्या क्षमता. ऑटिस्टिक माणसात त्या सरसकट कमी असतात, हा मोठा गैरसमज आहे. त्या उंचसखल असतात. शेकडो तपशील बिनचूक लक्षात ठेवणारी तरुणी ‘हे जरा बघून घे’ एवढ्या सूचनेपाशी अडते. बघून घे म्हणजे नुसतं वाचायचं, चुका काढायच्या की दुरुस्त करून परत द्यायचं? ‘जरा’ म्हणजे दहा मिनिटं की संध्याकाळपर्यंत? न सांगितलेल्या भागाचा अंदाज बांधण्यातच तिची निम्मी शक्ती जाते, आणि वरिष्ठांना वाटतं हिला कामच येत नाही.

आता खेळांकडे येते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांची १२१ ऑटिस्टिक मुलं. काहींना कार्यस्मृतीचा, म्हणजे माहिती डोक्यात धरून त्यावर काम करण्याचा, काहींना लवचीक विचारांचा कॉम्प्युटर-खेळ दिला. उरलेल्यांचा खेळ दिसायला तसाच, पण मुलाच्या प्रगतीबरोबर अवघड न होणारा. मुलं सुधारली, पण तिन्ही गटांत जवळपास सारखीच. खऱ्या प्रशिक्षणाला म्हणावी तशी आघाडी मिळाली नाही. ही मुलं लहान होती, त्यामुळे मोठ्यांबद्दल थेट निष्कर्ष काढायला मी कचरते. पण मोठ्यांच्या बाबतीतही वेगळ्या वाटेने असंच काहीसं दिसलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक भावभावना चेहऱ्यांतून आणि आवाजांतून शिकवणारं सॉफ्टवेअर तयार केलं. ऑटिस्टिक प्रौढांनी ते काही आठवडे घरी वापरलं. ज्या चेहऱ्यांवर सराव केला होता ते त्यांना छान ओळखू येऊ लागले. पण अगदी वेगळ्या प्रसंगातली, वेगळ्या माणसांची भावना ओळखायची वेळ आली तेव्हा तो फायदा दिसला नाही.

माझ्या मते या विषयातली खरी गाठ इथे आहे. शिकणं अवघड जात नाही, शिकलेलं उचलून दुसरीकडे नेणं अवघड जातं. ऑटिस्टिक माणूस तपशील फार घट्ट धरतो. त्याने जे शिकलं ते त्या खोलीला, त्या टेबलाला, त्या शिक्षकाच्या आवाजाला चिकटून बसतं. एका तरुणाने आमच्या सेशनमध्ये फोनवर अपॉइंटमेंट घ्यायचा सराव इतका सुरेख केला की आम्ही सारे खूश झालो. घरी गेल्यावर फोन हातात घेतला आणि गप्प. कारण घरात फोन स्वयंपाकघरात होता, मागे मिक्सर चालू होता आणि पलीकडून बोलणाऱ्याने पहिलं वाक्यच वेगळं टाकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही फक्त खोलीत शिकवलं होतं.

म्हणून अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातलं काम मला इतकं मोलाचं वाटतं. त्याचं नाव कॉग्निटिव्ह एनहान्समेंट थेरपी. मुळात ही पद्धत जेरार्ड होगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांसाठी बसवली. तिच्यातले काही सराव त्याहून जुने, मेंदूला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनातून आलेले. पुढे शॉन ईक आणि नॅन्सी मिन्श्यू यांनी ती ऑटिस्टिक प्रौढांसाठी जुळवून घेतली. कार्यक्रम अठरा महिन्यांचा. कॉम्प्युटरवरचा सराव यातही आहे, सुमारे ६० तासांचा, पण एकट्याने करायचा नाही. दोघं शेजारी बसतात. एकाचा सराव चालू असताना दुसरा बघतो, गुण मांडतो, कुठे अडलं ते विचारतो, धीर देतो. म्हणजे लक्षाचा व्यायाम करता करताच दुसऱ्या माणसाबरोबर राहण्याचा व्यायाम होतो. त्याच्या जोडीला छोट्या गटाची ४५ सेशन, प्रत्येक दीड तासाचं. तिथे लांबलचक मजकूर वाचून त्यातला गाभा दोन ओळींत मांडायचा, एकाच प्रसंगाकडे दुसऱ्याच्या जागेवरून बघायचं, आणि दर वेळी घरी करायचं काहीतरी घेऊन जायचं. पुढच्या वेळी त्यावरच बोलणं होतं. गाभा काढण्याचा हा सराव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तपशिलांच्या गर्दीत नेमकं काय धरायचं, हा प्रश्न नोकरीत दिवसातून पन्नास वेळा येतो.

२०१८ साली त्यांच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. ५४ प्रौढ होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून काहींना ही थेरपी दिली, तर बाकीच्यांना एकास-एक आधार देणारी थेरपी, म्हणजे ऑटिझम समजावून सांगणं, ताण ओळखणं, भावना सांभाळणं. पहिल्या गटात विचारप्रक्रिया, विशेषतः लक्ष आणि माहिती हाताळण्याचा वेग, अधिक सुधारला. आणि त्या गटातल्यांना खुल्या बाजारातली नोकरी मिळण्याचं प्रमाणही जास्त होतं. मी सुधारणेपेक्षा या नोकरीच्या नोंदीकडे जास्त लक्ष देते. स्क्रीनवरचे गुण कुणालाही वाढवून दाखवता येतात. पगाराच्या कामावर रुजू होणं हे खोलीबाहेरचं मोजमाप आहे.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट पालकांनी आवर्जून ऐकावी. समोरच्याचं मन समजण्याच्या बाबतीत पहिला गट मध्यावर पुढे होता, पण अठरा महिन्यांअखेर दुसराही सुधारला. दर आठवड्याला कुणीतरी शांतपणे बसून ‘तुझा मेंदू असा चालतो, ताण आला की तुला असं होतं’ हे समजावून सांगणं, यातसुद्धा औषध आहे. मोठं पॅकेज परवडत नाही किंवा गावात मिळत नाही म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्या प्रत्येक आईला मी हे सांगते.

एक जुनी हकिगत. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून ऑटिझम हा शब्द आजच्या अर्थाने रुळला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, अमेरिकेतल्या मिसिसिपीचा. काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला लावलं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तेव्हा त्यांनी त्या नांगरता नांगरता मोजायला सांगितल्या. कॅनर भेटायला गेले तेव्हा हा मुलगा घोड्याला सफाईने वळवून नांगर चालवत होता. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली वारला. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा जणांचा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या संस्थांमध्ये ठेवलेल्यांची दैना त्यांना दिसली, असलेलं कौशल्यही हरवलेलं. त्या जोडप्याकडे ना सॉफ्टवेअर होतं ना पदवी. पण मुलाची आवड न मोडता ती कामाला जोडायची, हे त्यांना उमगलं होतं.

सामाजिक कौशल्यांच्या कार्यक्रमांत अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचा ‘पीअर्स’ सगळ्यांत जास्त अभ्यासल्या गेलेल्यांपैकी एक आहे. एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांचा. किशोरांचा गट आणि पालकांचा गट समांतर चालतो, म्हणजे घरी सराव करून घेणारं माणूस तयार होतं. चाललेल्या गप्पांत शिरायचं तर आधी ऐका, विषय ओळखा, थांबा, मग त्याच विषयावर बोला, अशा पायऱ्या. हे उपयोगी आहे. पण याच जागी मला मनापासून भीती वाटते. नजर भिडव, हात हलवू नकोस, आवडीचा विषय काढू नकोस, असं शिकवत गेलो तर आपण माणसाला स्वतःला झाकायला शिकवतो. ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की दिवसभर असं झाकून वावरल्यावर घरी येऊन ते कोसळतात. गप्पांत शिरायचं कसं हे शिकवा. शिरल्यावर कोण व्हायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.

आणि दरी एकाच बाजूची नसते. डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक संशोधक, यांनी २०१२ साली हे मांडलं: न समजणं दोन्हीकडून असतं. पुढे ७२ जणांवर एक प्रयोग झाला. कानगोष्टीसारखी गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तपशील जास्त गळले. मग प्रशिक्षण एकालाच का? त्या ‘जरा बघून घे’वाल्या वरिष्ठांनाही दोन तास बसवायला हवं. काय करायचं, कधीपर्यंत, झालं हे कसं ओळखायचं, इतकं लिहून दिलं तर त्या तरुणीची निम्मी अडचण तिथेच संपते.

शेवटी एक गोष्ट, जी बोलायला मला जड जाते. पिट्सबर्गच्या चाचणीत बोलू शकणारे आणि बुद्ध्यंक ऐंशीच्या वर असलेलेच लोक घेतले होते. असे निकष या क्षेत्रात सर्रास असतात. कमी बोलणारे, न बोलणारे प्रौढ या आकड्यांमध्ये नाहीत. त्यांचे पालकही आज इथे आहेत, ते मी पाहते आहे. तुमच्यासाठी माझ्याकडे अठरा महिन्यांचा कार्यक्रम नाही. चित्रांचं वेळापत्रक, बोलण्याऐवजी वापरायचं टॅब्लेट किंवा चित्रांचा बोर्ड, कामाचे सुटे तुकडे आणि ते जिथे करायचं आहे त्याच जागी शिकवणं, एवढं आहे. चहा नंतर घेऊ. आधी तुम्ही पुढे या, तुमच्या मुलाला काय मोजायला आवडतं ते मला सांगा.