माओरी भाषा शहरात कशी जगली

नमस्कार मंडळी.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांची आपली ओळख बहुधा रग्बीच्या सामन्याआधीच्या ‘हाका’ नावाच्या नाचापुरतीच असते. मला आज बोलायचंय ते त्यांच्या घरांबद्दल, स्वयंपाकघरांबद्दल आणि बालवाड्यांबद्दल. माओरी भाषा शहरात येऊन मरणाला टेकली होती, आणि ती पुन्हा उभी राहिली तीही शहराच्या उपनगरांतच. हे कसं घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे.

1945 साली शंभरातले जेमतेम सव्वीस माओरी शहरात राहत होते. 1966 साली बासष्ट, आणि 1986 पर्यंत जवळपास ऐंशी. म्हणजे एका माणसाच्या उमेदीच्या काळात अख्खा समाज गाव सोडून आला. गावाकडच्या जमिनी बऱ्याचशा आधीच गेलेल्या होत्या आणि लोकसंख्या वाढत होती. ऑकलंड-वेलिंग्टनच्या गोद्यांना आणि कारखान्यांना माणसं हवी होती. सरकारी घरं देताना धोरण असं होतं की माओरी कुटुंबं एका जागी राहू द्यायची नाहीत, पाकेहांच्या, म्हणजे गोऱ्यांच्या, वस्तीत विखरून टाकायची. शेजारी इंग्रजी बोलणारा, दुकानदार इंग्रजी बोलणारा, आणि आजी राहिली तिकडे गावात. भाषा बोलायची कुणाशी?

शाळेनं तर आधीच घाव घातला होता. 1867 च्या कायद्यानं माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजीची सक्ती आली. सर जेम्स हेनारे हे पुढे माओरी बटालियनचे सेनानी झाले. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल आपल्याला रानात जाऊन वेल कापून आणायला लावलं, आणि त्याच वेलानं मारलं, हे त्यांनी म्हातारपणी वाइतांगी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे माओरींच्या करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे, सांगितलं. असा मार खाल्लेल्या मुलांना पुढे स्वतःची मुलं झाली. पोरांना तरी हे भोगायला नको म्हणून अनेकांनी घरात इंग्रजी धरली. त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. 1970 च्या दशकात पाहणी झाली तेव्हा पाच माओरींत कसाबसा एक जण भाषा अस्खलित बोलणारा निघाला, आणि तोही बहुतेक वयस्क.

पण एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे मराए. मराए म्हणजे कुळाचं आवार: समोर मोकळं अंगण, मागे कोरीवकामानं सजलेलं सभागृह, बाजूला जेवणघर. पाहुणे आले की यजमानांकडची बाई उंच स्वरात त्यांना साद घालते, पाहुण्यांकडची बाई उत्तर देते, मग दोन्हीकडचे वक्ते भाषणं करतात, प्रत्येक भाषणामागे गाणं होतं. नाकाला नाक लावून भेट होते आणि सगळे जेवायला बसतात. माणूस गेला की पार्थिव मराएवर आणतात, साधारण तीन दिवस ठेवतात, आणि या काळात त्याला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. भाषण करणारे थेट मृताला उद्देशून बोलतात, आणि बोलतात बहुतेक माओरीतच. माओरी समाज बदलांतून तगला तो मुख्यतः या अंत्यविधीमुळे, असं माझं मत आहे. कारखान्यातून रजा काढून लोक शेकडो किलोमीटर गावी जायचे. तरुण पोरं मागे जेवणघरात बटाटे सोलायची, भांडी घासायची आणि पुढच्या अंगणातली भाषणं कानावर पडत राहायची. मराएचे रीतिरिवाज माणूस शिकतो तो मागच्या बाजूनं.

मग शहरातल्यांनी शहरातच मराए उभारले. 1980 साली पश्चिम ऑकलंडमध्ये होआनी वाइतीती मराए सुरू झाला, तो कुठल्याही एका जमातीचा नाही. आता गावाकडे प्रत्येक जमातीची बोली वेगळी, रीत वेगळी. मग इथे कुणाची चालवायची? स्वागतावेळी बायकांनी भाषण करावं का? यावर वाद झाले, अजून होतात. वाद होतात म्हणजे लोक आस्थेनं गुंतलेत, असं मी समजतो.

14 सप्टेंबर 1972 ला ‘हाना ते हेमारा’ नावाच्या कार्यकर्त्या आणि त्यांचे तरुण सहकारी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन संसदेच्या पायऱ्यांवर गेले. मागणी होती की शाळांत माओरी शिकवा. यातले कित्येक जण स्वतः शहरात वाढलेले, भाषा हातची निसटलेले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांच्याकडे भाषा होती त्यांच्याइतकीच, ज्यांची हिरावली गेली त्यांनी ती मागितली.

आणि 1982 च्या एप्रिलमध्ये वेलिंग्टनजवळच्या वायनुइओमाटा या उपनगरात पहिलं कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं. कल्पना वडीलधाऱ्यांच्या बैठकांतून आलेली आणि अगदी सरळ: भाषा आजीआजोबांकडे आहे, शिकण्याची ताकद तान्ह्यांकडे आहे, मधल्या पिढीनं दोघांना एकत्र आणायचं. दिवसभर फक्त माओरी, आणि कारभार कुटुंबांच्या हाती. 1994 पर्यंत अशी सुमारे आठशे केंद्रं झाली, त्यांत चौदा हजार मुलं. नंतर संख्या घटली, पण तोवर एक अख्खी पिढी बोलती झाली होती. ही मुलं पाचव्या वर्षी इंग्रजी शाळेत गेली की भाषा विसरतात हे दिसल्यावर, 1985 साली होआनी वाइतीती मराएवरच लोकांनी सरकारची वाट न पाहता स्वतःची माओरी शाळा काढली. अशा शाळांना कायद्याची मान्यता मिळाली ती 1989 मध्ये.

कायदाही आला. 1840 च्या वाइतांगी करारात ब्रिटनच्या राणीनं माओरींच्या ठेव्याचं रक्षण करण्याचं वचन दिलं होतं. भाषा हाही तो ठेवाच, हा दावा न्यायाधिकरणानं 1986 साली मान्य केला आणि 1987 मध्ये माओरी राजभाषा झाली. 2004 साली माओरी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. आता तिथल्या अनेक शाळांत मूल पाकेहा असो, सामोअन असो की आपलं मराठी, आपला डोंगर, आपली नदी सांगून ओळख करून द्यायला शिकतं.

सगळं छान झालं, असं मात्र नाही. मधली पिढी अजून दुखरी आहे. नातवंडं खळखळून बोलतात आणि आजोबांना मराएवर उभं राहायची लाज वाटते. माझी भाषा मला येत नाही, ही लाज. त्यांच्यासाठी कातेरीना मातायरा आणि न्गोई पेवहायरांगी यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत आणली. हातात रंगीत लाकडी कांड्या, वर्गात इंग्रजी बंद, एकमेकांच्या चुकांवर हसायचं नाही. पाटी-पुस्तक नसल्यामुळे शाळेची भीती बसलेली माणसंही तिथे टिकली.

2023 च्या जनगणनेत दोन लाख तेरा हजारांवर लोकांनी आपल्याला माओरी बोलता येतं असं नोंदवलं. सरकारनं 2040 साठी ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी दोन भाषा बोलण्याबद्दलची आहेत. दहा लाख न्यूझीलंडवासीयांना जुजबी माओरी यावी हे एक, आणि दीड लाख माओरींनी रोजच्या व्यवहारात इंग्रजीइतकी किंवा जास्त माओरी वापरावी हे दुसरं. पहिल्या आकड्याची चर्चा जास्त होते. माझं लक्ष दुसऱ्याकडे आहे, कारण ते फक्त ज्यांच्या घरात भाषा आहे तेच पुरं करू शकतात, आणि त्यासाठी आज तिशी-चाळिशीत असलेल्या आईबापांना शिकवणारे शिक्षक मिळायला हवेत. पैसा आधी तिथे जायला हवा.