कोलंबिया, मेरीलँड: रस्त्यांच्या आधी बसलेले 14 जण

नकाशा डोळ्यासमोर आणा. वर बाल्टिमोर, खाली वॉशिंग्टन, मधे हॉवर्ड काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, तेव्हा बरीचशी शेतंच, 1960 ला अख्ख्या काउंटीत जेमतेम 36 हजार माणसं. पण दोन्ही शहरं पसरत होती आणि इथे सबर्ब होणार हे दिसतच होतं. जेम्स राउज नावाच्या डेव्हलपरने भाव चढू नये म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने गुपचूप शेतं घेतली आणि ऑक्टोबर 1963 मध्ये जाहीर केलं की सुमारे 14 हजार एकर, काउंटीचा जवळपास दहावा हिस्सा, आता त्याच्याकडे आहे.

इथवर बिल्डरची नेहमीचीच गोष्ट. पण पुढे त्याने केलं ते खरंच फार मोठं काम. इथे वसवायच्या कोलंबिया या नव्या शहराचा प्लॅन पक्का व्हायच्या आधीच त्याने 14 जाणकारांचा एक वर्क ग्रुप बसवला, चेअरमन डोनाल्ड मायकल, सोबत समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसिक आरोग्यातले पॉल लेमकाउ, शिवाय शिक्षण, ट्रान्सपोर्ट, करमणूक असल्या विषयातले लोक, आणि ही मंडळी महिनोन्महिने भेटत राहिली. इथे राहायला येणाऱ्या कुटुंबाला काय काय लागेल, शाळा, दवाखाना, शेजार, सगळ्यावर बोलणं झालं. म्हणून तर प्रत्येक वस्तीच्या मधोमध प्राथमिक शाळा आली, मुलांना चालत जाता येईल अशी, आणि टपालपेट्यासुद्धा दारोदार न लावता एकत्र लावल्या, तेवढंच शेजाऱ्यांचं बोलणं होतं.

पैसा कुठून? 1965 ला कोलंबिया असोसिएशन उभी राहिली, प्रत्येक मालमत्तेच्या किमतीवर वार्षिक आकार, त्यातून बागा, तलाव, स्विमिंग पूल, सभागृहं.

21 जून 1967 ला शहराचं उद्घाटन झालं. काळे-गोरे कुणीही घर घ्यावं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, आणि घरविक्रीत भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकेचा कायदा आला 1968 मध्ये, म्हणजे त्यानंतर! 1969 पासून आधीच ठरावीक पैसे भरून उपचार मिळतील अशी आरोग्य योजना जॉन्स हॉपकिन्ससोबत सुरू झाली.

एक गोष्ट मात्र खटकते. एवढा विचार रहिवाशांसाठी केला, पण असोसिएशनचा कारभार सुरुवातीला राउजच्या कंपनीच्याच हातात होता, रहिवाशांना प्रतिनिधी वाढवून मिळत गेले ते हळूहळू, आणि बोर्ड पूर्णपणे त्यांच्या ताब्यात यायला 1982 उजाडलं.