एकादशीचं आतडं

मागं आवाज येतोय ना? बरं. आजचा विषय जेजुनम आणि ड्युओडेनम, म्हणजे आपल्या लहान आतड्याचे दोन भाग, पण आधी आमच्या आजीची आषाढी सांगतो, त्याशिवाय जेजुनम डोक्यात शिरत नाही.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं घरात सगळ्यांना उपास कंपल्सरी. आजी पहाटे शेंगदाणे भाजायची, सुपात पाखडायची, फोलपटं उडून आमच्या डोक्यात. मग भगर, दाण्याची आमटी, खिचडी, रताळ्याच्या गोड फोडी आणि वर केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी! आजोबा हात धुऊन म्हणायचे "आज कडक उपास हाय बरं का" आणि तिथंच आडवे. हसताय काय, परवा तुम्ही किती खिचडी हाणली ते ठाऊक आहे मला.

तर बारावीला आमचे एक सर होते, नाव नको. लहान आतड्याचे तीन भाग ओळीनं, ड्युओडेनम, जेजुनम, इलियम, पाठ करा. मी उभा राहिलो, सर जेजुनम म्हणजे काय? म्हणाले मधला भाग. म्हटलं ते कळलं, पण शब्दाचा अर्थ? "पेपरला येत नाही, बस खाली." बसलो. पण तो राग काय बसला नाही, पुढं आयुष्यभर बायोलॉजी शिकवली ती त्याच रागावर.

आता अर्थ ऐका. लॅटिनमध्ये जेजुनस म्हणजे उपाशी. जुन्या लोकांनी मेलेली शरीरं उघडली तेव्हा हा भाग बहुतेक रिकामाच सापडायचा, म्हणून उपाशी आतडं. ग्रीकांचा शब्द होता नेस्टिस, अर्थ तोच. आपल्या मराठीत रिक्तांत्र. आणि गंमत म्हणजे इंग्रजी डिनर याच जेजुनसच्या पोटातून आलाय, मूळ अर्थ उपास सोडणं. म्हणजे तुम्ही सोलापुरात सात रस्त्याला डिनरला जाता तेव्हा खरं तर पारणं फेडायला जाता!

पण हे आतडं आमच्या आजोबांसारखंच आहे बघा. नाव उपाशी, आणि साखर, प्रोटीन, फॅट यातलं बरंचसं शोषून घेतं हेच. अडीच मीटरच्या आसपास लांबी, आत घड्याच घड्या. माल पटपट पुढं ढकलतं, म्हणून रिकामं दिसतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, ड्युओडेनम अजून राहिलंय, तेच तर मेन होतं. पटकन सांगतो. इ.स.पू. 300 च्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य, त्यानं बोटं आडवी लावून मापलं, बारा बोटं. ते ग्रीक नाव अरबीत गेलं, तिथून 12 व्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्ड नावाच्या भाषांतरकारानं लॅटिनमध्ये आणलं, ड्युओडेनम, म्हणजे बारा-बारा. पंचवीसेक सेंटीमीटर. लॅटिनचं दुओदेसिम आणि आपलं द्वादश सख्खे चुलत भाऊ.

म्हणजे पोटात आधी द्वादशी आणि मग एकादशी, पंचांगच उलटं! इलियमचं पुढच्या वेळी, अध्यक्ष घड्याळ बघायलेत, आणि चहा आलाय.