फळ्यापासून खुर्चीपर्यंत

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाले. मुलांच्या डोळ्यांची काळजी तेव्हा घरोघरी होती. शिकवणाऱ्यांच्या शरीराची विचारपूस मात्र क्वचितच झाली.

शिक्षकी हा मुळात उभ्याने करायचा पेशा आहे. परिपाठाला मैदानात उभे राहायचे, फळ्यावर लिहायचे, बाकांच्या रांगांतून फिरत वह्या पाहायच्या, तास संपला की जिना चढून दुसऱ्या वर्गावर जायचे. याला कोणी व्यायाम म्हणत नसे, पण पोटऱ्यांचे स्नायू दिवसभर आकुंचन पावत आणि पायांतले रक्त हृदयाकडे ढकलत. ऑनलाइन तासाने हे सारे एका खुर्चीत आणून बसवले.

तास संपला तरी पडदा सुटत नसे. गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर येत, काही अंधूक, काही आडवे; ते बोटांनी मोठे करून तपासायचे, मग माहितीची लिंक, म्हणजे ऑनलाइन तक्ता, भरायची आणि रात्री उद्याच्या पाठाचा व्हिडिओ तयार करायचा. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे अश्रूंचा थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. खाली वाकलेल्या मानेवर ताण येतो, तो वेगळाच.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन, तर नववी ते बारावीसाठी चार सत्रे ठरवून दिली. ही मर्यादा आवश्यकच होती, परंतु ती विद्यार्थ्याच्या बाजूने मोजलेली होती. चार तुकड्यांना शिकवणाऱ्या बाईंसाठी प्रत्येक तुकडीचे सत्र आदल्या सत्रात मिळवले जात होते.

सगळेच शिक्षक बसून होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राज्य सरकारच्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या कोरोनाविरोधी मोहिमेच्या घरोघरच्या सर्वेक्षणात अनेकांनी दारोदार पायपीट केली, तीही संसर्गाचा धोका पत्करून.

नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आणि बसण्याचा वेळ घटवून त्या जागी हलकी हालचालही चालेल, असे सांगितले. नेमकी हीच हलकी हालचाल शाळेची इमारत शिक्षकांना रोज, न मागता देत होती.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग पुन्हा भरू लागले. खडू हाती आला. व्हॉट्सॲपचे गट मात्र तसेच राहिले, आणि दिवसभर उभ्याने शिकवून घरी परतलेले शिक्षक संध्याकाळी पुन्हा मान खाली घालून लिंक भरायला बसू लागले.