रॉटब्लाट यांची पेटी

नमस्कार श्रोतेहो.

एआयला लगाम कोणी घालायचा, हा विषय निघाला की मला एक पेटी आठवते. हो, पेटी.

पेटीचे मालक जोसेफ रॉटब्लाट. जन्म १९०८, वॉर्सा. आधी इलेक्ट्रिशियन, मग अणुशास्त्रज्ञ. (आमच्याकडे इंजिनियर पोराला घरचा फ्यूज बदलता येत नाही, पण ते असो.) १९४४ साली ते अमेरिकेत लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामावर होते. कशासाठी? हिटलरच्या हाती आधी लागू नये म्हणून. एवढ्याचसाठी, बरं का. वर्ष सरता सरता कळलं की जर्मनांनी तो नाद कधीच सोडलाय. रॉटब्लाट म्हणाले, मग मी निघतो.

निघू कोण देतंय? सुरक्षा खात्याने जाडजूड फाईल काढली. म्हणे हा गडी पॅराशूटने पोलंडात उतरून रशियनांना गुपितं देणार! आरोप टिकले नाहीत. पण जायचं तर खरं कारण सहकाऱ्यांना सांगायचं नाही, बायकोच्या काळजीने जातोय म्हणायचं. बायको, टोला, खरंच वॉर्सात अडकली होती. ती पुन्हा दिसलीच नाही.

आता पेटी. टिपणं, पत्रं, सगळं त्या पेटीत. वॉशिंग्टनला ती गाडीत चढवायला हात कोणी लावला? जेम्स चॅडविक यांनी, न्यूट्रॉन शोधणारे तेच! काही तासांत न्यूयॉर्क आलं. रॉटब्लाट आहेत, पेटी नाही. पुष्कळ शोधलं, पेटी कधीच मिळाली नाही.

पुढे ते लंडनच्या एका रुग्णालयाच्या कॉलेजात किरणोत्साराचा सजीवांवरचा परिणाम अभ्यासू लागले. १९५७ साली कॅनडात पगवॉश गावी अण्वस्त्रांच्या धोक्यावर शास्त्रज्ञांची परिषद भरली, त्यात ते होते. ती खरं तर दिल्लीत भरायची, सुएझ कालव्यावरून पेटलेल्या भानगडीत राहून गेली. १९९५ साली शांततेचं नोबेल घेताना ते म्हणाले, डॉक्टरांसारखी शपथ शास्त्रज्ञांनाही हवी. माझं मत विचाराल तर शपथ पहिल्या वर्षाला द्या, पदवीदानाच्या घाईत नको.

आता एआयकडे. २०२३ मध्ये एआयचे एक जनक जेफ्री हिंटन असेच गूगलमधून बाहेर पडले, एआयच्या धोक्यांवर मोकळं बोलता यावं म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, तेही भौतिकशास्त्राचं! अणुबाँब आणि एआयमध्ये फरक एकच. युरेनियम तोलता येतं, त्यावर पहारा बसवता येतो. प्रोग्रॅमची नक्कल मात्र खिशातून जाते. तिथे तपासनीस काय तोलणार? ते पुढच्या भागात. नमस्कार.