चाकं कुठे जातात ते बघा

नमस्कार मंडळी. कार्डावर विषय छापलाय, जुनी दोन इंजिनांची टर्बोप्रॉप विमानं, ओळख आणि जतन. दोन्हीला वेळ पुरेल की नाही ठाऊक नाही, म्हणून माझं लाडकं सूत्र आधी सांगून टाकतो. विमान ओळखायचं तर रंग बघू नका, रंग कुणीही कधीही बदलतं. चाकं आत घेतल्यावर कुठे जातात ते बघा.

टर्बोप्रॉप म्हणजे काय ते रत्नागिरीकरांना समजावत बसत नाही, चिपीला उतरणारं एटीआर तुम्ही बघितलंय, काहीजण त्यातून जाऊनही आलात. आत गरम वायूने फिरणारं टर्बाइन, त्याच्या जोरावर फिरणारा पुढे प्रोपेलर. आता प्रोपेलर मोठा, तो जमिनीला लागता कामा नये, म्हणून इंजिन उंचावर हवं, आणि इंजिन उंच गेलं की पंख कुठे लावायचा आणि चाकांचे पाय कुठे दुमडायचे हा प्रश्न आलाच, तो प्रत्येक डिझायनरला पडला आणि ज्याने जसा सोडवला तसं त्याचं विमान दिसतं. एटीआरचा पंख वर आणि चाकं पोटाच्या बाजूच्या फुगवट्यात. तटरक्षक दलाचं डॉर्निअर २२८ आपल्या किनाऱ्यावरून जातं ना, त्याचीही चाकं पोटाशीच, पण त्याचं अंग चौकोनी आणि पंखांची टोकं तिरकी छाटलेली, त्यामुळे खालून बघितलं तरी घोळ होत नाही.

आता जुन्यांकडे या. फोकर एफ-२७ फ्रेंडशिप, पहिलं उड्डाण १९५५. पंख वर, इंजिनं पंखाखाली लटकलेली, मग चाकांचे पाय लांबलचक करावे लागले आणि ते मागे दुमडून इंजिनाच्या नॅसेलमध्ये, म्हणजे इंजिनाभोवतीच्या कवचात, जातात. तेसुद्धा हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर नाही, हवेच्या दाबावर, ही फोकरची खासियत. आणि अव्रो, म्हणजे एचएस ७४८, त्याचा पंख खाली. खालच्या पंखाला इंजिन लटकवलं तर प्रोपेलर जमीन खरवडेल, म्हणून इंजिन पंखाच्या वर बसवलं, आणि चाकं पुढे दुमडून इंजिनाखाली, पंखाच्या मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईच्या, पुढ्यात ठेवली, का तर स्पार कुठेही कापावा लागू नये. म्हणून अव्रोच्या इंजिनाखाली तो भलामोठा फुगवटा. दोघांनाही इंजिन एकच, रोल्स-रॉइस डार्ट, आवाज तीच कानात घुसणारी बारीक शिट्टी, म्हणजे नुसत्या कानांवर विसंबलात तर फसाल, चाकांवर विसंबलात तर नाही. हवाई दलाच्या एएन-३२ मध्ये तर पंख आधीच वर आणि इंजिन त्याच्याही वर चढवलेलं, एवढा मोठा प्रोपेलर आहे त्याला.

अव्रोवर जरा थांबतो, आयोजकांनी रागावू नये. हे विमान इंग्लंडमध्ये जून १९६० मध्ये पहिल्यांदा उडलं आणि १ नोव्हेंबर १९६१ ला कानपूरला जोडलेलं आपलं पहिलं अव्रो आकाशात होतं, दीड वर्षसुद्धा नाही झालं मध्ये. नाव ठेवलं सुब्रतो, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी वर्षभरापूर्वीच गेले होते. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ८९ अव्रो बांधली, बरीचशी हवाई दलाला, काही इंडियन एअरलाइन्सला. साठ वर्षं या विमानाने या देशात माणसं नेली, सामान नेलं, पायलट शिकवले. आता हवाई दलाने त्यांच्या जागी ५६ सी-२९५ मालवाहू विमानं मागवलीत, पहिलं २०२३ मध्ये आलं, म्हणजे उरलेली अव्रो एकेक करून खाली बसणार. ती बसतील तेव्हा कुठे आणि कशी बसतील याची मला काळजी आहे, आणि ती का ते सांगतो.

आपल्याच किनारपट्टीवर एका संस्थेच्या आवारात मी एक अव्रो बघितलं. नाव घेत नाही, कुणाला उघडं पाडायला मी आलेलो नाही. गेटमधूनच इंजिनाखालचा फुगवटा दिसला आणि मी अक्षरशः धावत गेलो. पाटी होती, लढाऊ जेट विमान. बरं, पाटी बदलता येते. पण टायर अर्धे काँक्रीटमध्ये गाडलेले, विमान वाऱ्याने हलू नये म्हणून. अहो, ओलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, ॲल्युमिनियमला ते खातं, त्यात पावसाळाभर पाणी धरून ठेवतं, आणि त्या काळच्या बऱ्याच विमानांची चाकं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, खाऱ्या हवेत हा धातू किती टिकणार? वर पूर्ण अंगाला चकचकीत ऑइलपेंट, दर समारंभाला नवा हात, थरावर थर. पोटाखाली पाणी निघायला जी बारीक भोकं असतात ती सगळी पेंटने बुजलेली. पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे वेग मोजायच्या नळीत, कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. व्हील बेमध्ये, म्हणजे चाकं आत जातात त्या कप्प्यात, हात घातला, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरी भुकटी, आणि बोट फिरवलं की पत्र्याचे पापुद्रे सुटून येत होते, एकाखाली एक. मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे डेटा प्लेटसुद्धा रंगवून टाकलेली. नोंदणीचा नंबर मालक बदलला की बदलतो, कारखान्याचा नंबर जन्मभर एकच राहतो, तो त्या प्लेटवर असतो. तोच बुजवला तर या विमानाने कुठे कुठे काम केलं ते शोधायचं कशावरून? मी तिथल्या जबाबदार माणसाला हे सगळं सांगितलं, ते म्हणाले, पण साहेब, दिसतं छान ना? यावर काय बोलणार.

आता उलट, ज्यांना गोव्याला जाणं होतं त्यांनी बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय जरूर बघा, १९९८ पासून आहे. तिथलं ब्रेगे अलिझे बघाच. एकच इंजिन आहे, म्हणजे आजच्या विषयात बसत नाही, पण इंजिन तेच आपलं डार्ट, आणि पंखांच्या पुढे दोन फुगवटे आहेत त्यांत चाकं जातात आणि पाणबुडी शोधायचे सोनोबॉयही त्यातच असायचे. विक्रांतवरून १९६१ ला आणि १९७१ ला हे विमान उडालेलं आहे. पोरांना न्या, चाकांपाशी उभं करा आणि विचारा, ही कुठे जात असतील? बघा किती वेळ बोलत राहतात.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. जतन पटापट सांगतो, खरं तर हेच सांगायला आलो होतो.

विमानाच्या ॲल्युमिनियममध्ये ताकदीसाठी तांबं मिसळलेलं असतं, त्यामुळे ते मिठाला हळवं. पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो, तो ओरखडला की कीड आत शिरली. आणि स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते, त्यात ॲल्युमिनियम झिजतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लोकांना वाटतं पावसाने विमान खराब होतं. पाऊस वरची बाजू उलट धुऊन काढतो. जिथे पाऊस पोचत नाही आणि खारा वारा पोचतो, तिथे मीठ वर्षानुवर्षं साठतं, आणि तसली मोठी जागा म्हणजे व्हील बे. विमान ओळखायला जिथे बघायचं तिथेच ते आधी सडतं. त्यामुळे गोड्या पाण्याचा पाइप आधी तिथे मारा, वाळू द्या, मग गंजरोधक तेल फवारा.

फोकरचं वेगळं. त्याचे पत्रे बऱ्याच ठिकाणी रिव्हेटऐवजी चिकटवलेले आहेत, जोडाच्या कडेतून पाणी शिरलं की जोड आतून सुटतो आणि बाहेरून कळत नाही. तिथे जोराचा पाइप नको, कडा सील करा.

भार टायरवर नको, विमानाला जॅक लावायच्या ज्या जागा असतात त्यांच्याखाली मजबूत स्टँड ठेवून त्यांवर घ्या. भोकं मोकळी ठेवा, दर आगोटीला तारेने तपासा. पिटो आणि इंजिनाची तोंडं झाका. रंग काढायचा असेल तर घासू नका, आधी फोटो घ्या, खालच्या थरात जुने नंबर सापडतात. आणि पैसे थोडेच असतील तर रंगावर घालू नका, छपरावर घाला. आपण होड्या पावसाळ्याआधी वर ओढतो, झापं घालून शाकारतो, तेवढंच विमानाला करा, साधी पत्र्याची शेड, बाजूंनी हवा खेळती.

दोन मिनिटं? बरं. कोकणातल्या किती घरांतली माणसं हवाई दलात, नौदलात, तटरक्षक दलात होती. त्यांची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, आणि फोटो ट्रंकेत पडलेत. वायुदूत ही विमान कंपनी १९८१ ला सुरू झाली, तिची जुनी तिकिटं, टाइमटेबलंही कुणाकडे असतील. ते रद्दीत घालू नका, फोटोच्या मागे तारीख, ठिकाण आणि शेपटीवरचा नंबर पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, शाई पुढे फुटते. घरात कुणी त्या विमानांवर मेकॅनिक होतं असेल तर या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, डार्ट सुरू कसं करायचं, कुठला बोल्ट नेहमी त्रास द्यायचा, असलं सगळं विचारा, मॅन्युअलमध्ये जे नसतं ते त्यांच्याकडेच असतं. फोटो आणले असतील तर बाहेर चहापाशी दाखवा, मी थांबलोय.